'गेला' कुठून आला?

'जाणे' या क्रियापदाचा भूतकाळ नियमाने 'जाला' व्हायला हवा होता, झाला 'गेला'. ही अनियमितता आपण बालपणीच पचवतो, म्हणून व्याकरण शिकवतानाही तिच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. वस्तुतः येथे दोन भिन्न धातू एकाच संसारात नांदत आहेत. 'जातो' हे संस्कृत 'या' धातूचे. 'याति'चे प्राकृतात 'जाइ' झाले. आरंभीच्या 'य'चा 'ज' होण्याच्या याच रीतीने यात्रेची जत्रा झाली आणि यंत्राचे (दळणाचे) जाते. 'गेला' मात्र 'गम्'चा : 'गत'चे प्राकृतात 'गअ', त्याला 'इल्ल' प्रत्यय लागून गेला. (उंबऱ्यातून निघताना 'जातो' टाळून 'येतो' म्हणणाऱ्या समाजात 'गेला'ला मृत्यूचा अर्थ चिकटला, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

मग 'जाला'? हे रूप जुन्या मराठीत मुबलक आढळते. पण ते 'झाला'चे पूर्वरूप, 'जन्' धातूच्या 'जात'पासूनचे. जुन्या पत्रात 'हुकूम जाला' दिसले, तर हुकूम कुठे गेलेला नसतो, झालेला असतो.

याहून मोठा चकवा 'वचणे'चा. प्राकृत 'वच्चइ'पासून आलेले, 'जाणे'च्याच अर्थाचे हे क्रियापद ज्ञानेश्वरीत आहे, तुकारामांच्या अभंगांतही आहे. पुढे प्रमाण मराठीने ते टाकले. आजचा एम.ए.चा विद्यार्थी 'वचे' वाचतो तेव्हा त्याला वाचा आणि वचन आठवते, आणि तो बेधडक 'बोलतो' असा अर्थ लावतो. संस्कृतचे थोडेसे ज्ञान येथे अज्ञानापेक्षा घातक ठरते. त्यातून संदर्भाला 'बोलणे'ही थोडेफार मानवले, तर चूक शिक्षकाच्याही ध्यानात येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दार्थांची यादी त्याला वाचवत नाही, कारण ओळखीचा वाटणारा शब्द यादीत शोधायला कोण जातो?

गोव्यातील विद्यार्थी मात्र येथे अडखळणार नाही. कोंकणीत जाणे म्हणजे 'वचप'. 'हांव वता' म्हणजे मी जातो, आणि 'वच' ही आज्ञा. 'जावप' तिथे होण्याच्या अर्थी आहे, त्यामुळे 'जालें' ऐकून कोणी 'गेले' समजत नाही. जी रूपे आपण 'प्राचीन' म्हणून तळटिपेत ढकलतो, ती शेजारच्या भाषेत रोज बोलली जातात. जुनी मराठी शिकवताना हाताशी कोंकणी शब्दकोश ठेवावा, असे मी म्हणतो ते यासाठी. 'वचप'चा भूतकाळ मात्र तिथेही 'गेलो' असाच होतो.