चीनची साक्षरता मोहीम आणि मुंबईचा ‘रहबर’

इल्मासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, हे वचन आपल्या घरांतून लहानपणापासून कानी पडते. हदीस म्हणून ते कितपत ग्राह्य धरावे याविषयी उलेमांत मतभेद आहेत. परंतु त्यातील आशय समाजाने केव्हाच मान्य केलेला आहे. चीनने आपल्या कोट्यवधी निरक्षरांना कसे शिकविले आणि आपल्या माणिकपूरपासून लोकलने तासा-सव्वा तासावर असलेल्या मुंबईत याच कामी काय घडले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. त्या वेळी दर पाच माणसांपैकी सुमारे चार निरक्षर होती, असे तेथील सरकारच सांगत असे. शेतीची कामे थंडावली की गावोगाव हिवाळी शाळा भरू लागल्या. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. हजारो चिन्हे एकेक करून पाठ करावी लागतात. म्हणून १९५६ मध्ये अनेक चिन्हांची सोपी रूपे जाहीर झाली आणि १९५८ मध्ये उच्चार शिकण्यासाठी ‘पिनयिन’ ही रोमन अक्षरांची पद्धत मंजूर झाली. शेतकऱ्याला दीड हजार आणि कामगाराला दोन हजार चिन्हे आली की तो साक्षर, असा दंडक ठरला.

हे कार्य प्रचंड होते, यात शंका नाही. परंतु घाईचे दुष्परिणामही झाले. १९५२ च्या सुमारास काही आठवड्यांत साक्षर करण्याच्या झटपट वर्गांची लाट आली. वाचनाची सवय न लागल्यामुळे शिकलेली चिन्हे अनेकजण विसरून गेले. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत शाळा-महाविद्यालये बंद पडली. विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९८२ च्या जनगणनेत २२ कोटींहून अधिक निरक्षर आढळले. १९८६ मध्ये नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि २०२० च्या जनगणनेत निरक्षरांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत आले.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सिंकियांगमधील उइगुर मुसलमानांची भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जात असे. सरकारने तेथे रोमन लिपी आणली आणि १९८२ मध्ये पुन्हा अरबी वळणाची लिपी चालू केली. मधल्या काळात शाळेत गेलेल्या मुलांना आजोबांची पुस्तके परकी झाली. साक्षर करण्याच्या प्रयत्नातच पिढ्यांची अशी ताटातूट झाली.

आता मुंबईकडे वळू. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ मध्ये शहरात प्रौढ शिक्षणाच्या मोहिमेने जोर धरला. या चळवळीत श्रीमती कुलसुम सयानी (१९००–१९८७) अग्रभागी होत्या. शंभर रुपयांची पुंजी आणि दोन शिक्षिका एवढ्यावर त्यांनी आरंभ केला. पडद्यातील स्त्री वर्गात येणार नाही हे ओळखून शिक्षिकाच मुस्लिम मोहल्ल्यांतील घरी जाऊ लागल्या.

पण शिकलेल्या बाईने पुढे वाचायचे काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १९४० मध्ये निघालेले ‘रहबर’ हे पाक्षिक. भाषा सोपी हिंदुस्तानी. लिपी मात्र तीन, उर्दू, नागरी आणि गुजराती. ज्या घरात जी लिपी, त्या लिपीत अंक जाई. महात्मा गांधींनी या कार्याला आशीर्वाद दिला होता. १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, हे पत्र चालले. १९६९ मध्ये कुलसुमबेनना नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला.

चीनच्या मोहिमेमागे संपूर्ण राज्यसत्ता होती. ‘रहबर’मागे एका बाईची चिकाटी होती. व्याप्तीत दोहोंची तुलना होऊच शकत नाही. तरीही आपल्यासारख्या लहान संस्थेला अनुकरण करता येईल असा धडा मुंबईतच सापडतो. तो असा, की शिकणाऱ्याला जे येते तेथून आरंभ करावा आणि वर्ग संपला तरी त्याच्या हाती वाचायला काहीतरी पडत राहील अशी व्यवस्था करावी.

आपल्या घरांतील पुष्कळ वडीलधाऱ्या स्त्रिया कुरआन शरीफ अस्खलित वाचतात, परंतु रेशनच्या अर्जावर अंगठा उठवितात. त्यांना निरक्षर म्हणणे अन्यायाचे आहे. अरबी हरफ ज्यांच्या डोळ्यांना परिचित आहेत त्यांना पे, टे, चे, गाफ अशी मोजकी अक्षरे शिकविली की उर्दूचे दार उघडते. मग नागरी शिकविली की सातबारा, मुलांच्या शाळेची सूचना आणि औषधाची चिठ्ठी मराठीतून वाचता येते. हे काम सुट्टीत घरी बसलेली आपली दहावी-बारावीची मुलगी करू शकेल.

वाचकहो, ही स्मरणिका घरी नेल्यावर कपाटात ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ बसून तिचे एक पान रोज वाचून घ्या. पहिल्या वहीतील ‘इक्रा’ ही आज्ञा स्त्री आणि पुरुष दोघांसाठीही आहे.