क्रियापदाचे अर्थ आणि कायद्याची तरतूद : अमेरिकेतील आत्महत्या-प्रतिबंधक दूरध्वनीचा इतिहास

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ मानले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. कायद्याच्या भाषेत हा भेद केवळ शास्त्रापुरता राहत नाही. एखादी गोष्ट 'आहे' असे कायद्याने म्हणणे, ती 'केलीच पाहिजे' असे बजावणे आणि ती कोणी केल्यास 'हरकत नाही' असे सांगणे, या तिन्हींचे व्यवहारातील परिणाम निरनिराळे असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १७ ऑक्टोबर २०२० रोजी अध्यक्षांची स्वाक्षरी झालेला राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंधक दूरध्वनीचा कायदा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. या कायद्याने ९८८ हा तीन आकडी क्रमांक सर्व देशासाठी मुक्रर केला. तो कायदा कोणत्या परंपरेतून आला आणि त्यातील कोणते वाक्य कोणत्या अर्थाने लिहिले गेले, हे पाहिले म्हणजे त्याच्या यशाचा व अपयशाचा बराचसा उलगडा होतो.

या सेवेचा उगम कायद्यात नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे धर्मोपदेशक चॅड वाराह यांनी आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्या माणसांसाठी दूरध्वनी खुला केला. त्याचा क्रमांक 'मॅन ९०००' असा होता. तरुणपणी वाराह यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला होता. ऋतुप्राप्ती हा एखादा दुर्धर रोग असावा, अशा समजुतीने तिने जीव दिला होता. वाराह यांच्या भेटीसाठी ताटकळणाऱ्या लोकांना स्वयंसेवक चहा देत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेत. पुष्कळांना तेवढ्यानेच दिलासा मिळतो, असे लवकरच आढळून आले. १९५४ मध्ये ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांकडेच सोपविण्यात आले आणि 'समॅरिटन्स' ही संस्था आकारास आली. आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्लंडमध्ये त्या काळी गुन्हा होता. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा राहिला नाही. म्हणजे पहिली आठ वर्षे ही सेवा कायद्याच्या आधाराने नव्हे, तर त्याच्याकडे पाठ फिरवून चालली होती.

अमेरिकेत या कार्याला दोन बाजूंनी आरंभ झाला. लॉस एंजेलिस येथे एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी १९५८ मध्ये आत्महत्या-प्रतिबंधक केंद्र काढले. मृतांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा अभ्यास हे त्यांच्या संशोधनाचे मूळ होते, आणि केंद्राला संघशासनाचे अनुदान होते. याउलट सॅन फ्रान्सिस्को येथे बर्नार्ड मेझ या मूळच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १९६२ मध्ये जी सेवा सुरू केली, तिच्यापाशी एक दूरध्वनी आणि थोडे स्वयंसेवक यांपलीकडे फारसे काही नव्हते. पहिल्या प्रकारात शास्त्र व अनुदान होते, तर दुसऱ्यात सेवाभाव. पुढील चाळीस वर्षांत देशभर जी शेकडो केंद्रे निघाली, त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या मार्गाने गेली.

कायद्याने या क्षेत्रात पाऊल टाकले ते १९६३ मध्ये. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५८,००० रुग्ण होते. ही अवाढव्य रुग्णालये रिकामी करावीत आणि त्यांच्या जागी वस्तीवस्तीत मानसिक आरोग्याची केंद्रे उभारावीत, या हेतूने केलेल्या कायद्यावर ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी स्वाक्षरी केली. प्रत्येक केंद्राने ज्या पाच सेवा पुरवाव्यात असे नियमांत ठरले, त्यांत अहोरात्र चालणारी आपत्कालीन सेवा ही एक होती. हे कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. कारण मानसिक संकटात सापडलेल्या माणसाला कोणत्याही घटकेस मदत मिळाली पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेत ९८८ च्या पुष्कळ आधी लिहिले गेले होते.

परंतु या कायद्याने अनुदान दिले ते इमारतींसाठी. कर्मचाऱ्यांच्या वेतनाची तरतूद विधेयकातून गळली. ती १९६५ च्या दुरुस्तीने आली, तीही काही वर्षांपुरती आणि क्रमाने घटत जाणारी. पुढचा खर्च राज्ये किंवा स्थानिक संस्था उचलतील अशी अपेक्षा होती, आज्ञा नव्हती. योजलेल्या सुमारे दीड हजार केंद्रांपैकी निम्मीच अस्तित्वात आली आणि १९८१ मध्ये संघशासनाने आपला वाटा कमी करून उरलेली रक्कम राज्यांच्या हवाली केली. रुग्णालये मात्र ठरल्याप्रमाणे रिकामी होत गेली.

या पोकळीत नकळत पोलीस शिरले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या गावी ९११ या आपत्कालीन क्रमांकाचा पहिला उपयोग झाला आणि हळूहळू तो सर्व देशाचा झाला. या क्रमांकामागे तीन यंत्रणा होत्या : पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका. एखाद्या घरातील माणसाचे भान हरपले किंवा तो जिवावर उदार झाला, तर घरच्या मंडळींना हाच क्रमांक ठाऊक असे आणि दारात बहुधा शस्त्रधारी पोलीस येऊन उभा राही. त्यातून घडणाऱ्या अनर्थांना दोन शहरांनी दोन उत्तरे शोधली. मेंफिस शहरात १९८७ मध्ये एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीने मरण पावल्यावर, १९८८ पासून निवडक पोलिसांना अशा प्रसंगांचे खास शिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. ओरेगॉन राज्यातील यूजीन शहराने १९८९ मध्ये याहून पुढे जाऊन पोलिसांऐवजी एक शुश्रूषक व एक समुपदेशक यांना निःशस्त्र गाडीतून पाठविण्याची व्यवस्था केली.

दूरध्वनी-केंद्रांना एका सूत्रात गुंफण्याचे काम १ जानेवारी २००५ रोजी सिद्धीस गेले. त्या दिवशी एक दहा आकडी राष्ट्रीय क्रमांक सुरू झाला आणि त्यावर येणारा दूरध्वनी फोन करणाऱ्याच्या भागातील केंद्राकडे वळविण्याची सोय झाली. केंद्रांना संघशासनाकडून मिळणारे साहाय्य अल्प होते. स्थानिक केंद्राने उत्तर दिले नाही तर तो दूरध्वनी दूरच्या पर्यायी केंद्राकडे जाई. तेथील माणूस आस्थेने बोलू शकत असे. परंतु फोन करणाऱ्याच्या गावात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. दहा आकडे संकटाच्या वेळी आठवत नाहीत, हा आक्षेपही होताच. म्हणून २०१८ मध्ये काँग्रेसने तीन आकडी क्रमांकाचा विचार करण्याचा कायदा केला, २०१९ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने ९८८ ची शिफारस केली आणि २०२० मध्ये वर उल्लेखिलेला कायदा झाला.

या कायद्याची वाक्यरचना आता तपासून पाहता येईल. त्यातील मुख्य वाक्य स्वार्थी आहे : ९८८ हा अमुक कार्यासाठी देशाचा क्रमांक 'आहे'. दूरध्वनी कंपन्यांविषयीचा आयोगाचा आदेश आज्ञार्थी होता : १६ जुलै २०२२ पर्यंत ही जोडणी 'झालीच पाहिजे'. पैशांविषयीचे कलम मात्र दुहेरी नकाराने सिद्ध झालेले आहे. राज्यांनी या सेवेसाठी दूरध्वनी-ग्राहकांवर आकार बसविल्यास त्यास या कायद्यातील काहीही 'आड येणार नाही', एवढेच ते सांगते. आकार बसवा असे ते म्हणत नाही. बसविल्यास त्याचा विनियोग दूरध्वनी-केंद्रांवर व प्रत्यक्ष धावून जाणाऱ्या संकटकालीन सेवांवरच व्हावा, एवढी अट घालते.

परिणाम क्रियापदांबरहुकूम झाले. आज्ञार्थी भाग वेळेवर पार पडला. ज्या भागांत ९८८ हे आकडे स्थानिक क्रमांकांच्या आरंभी येत होते, अशा ८२ क्षेत्रसंकेतांतील लोकांना २४ ऑक्टोबर २०२१ पासून सात आकड्यांची सवय सोडून दहा आकडे फिरवावे लागले. एका क्रमांकासाठी कोट्यवधी लोकांची जुनी सवय बदलली गेली. क्रमांक ठरल्या दिवशी सुरू झाला आणि पहिल्या दोन वर्षांत दूरध्वनी, लघुसंदेश व लेखी संभाषण मिळून एक कोटीहून अधिक वेळा त्यावर उत्तर दिले गेले. विध्यर्थी भागाची गती निराळी होती. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये प्रथम दरमहा बारा सेंटांचा आकार बसविला. वॉशिंग्टन राज्याने चोवीस सेंटांपासून आरंभ केला. कॅलिफोर्नियाचा २०२२ चा कायदा माइल्स हॉल या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या नावाने ओळखला जातो. २०१९ मध्ये मानसिक संकटाच्या प्रसंगी पोलिसांच्या गोळीबारात त्याचा अंत झाला होता. परंतु पहिल्या तीन वर्षांत निम्म्याहून कमी राज्यांनीच या मुभेचा उपयोग केला.

येथे एक आक्षेप संभवतो. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार अमुक कर बसवा, अशी आज्ञा संघशासन राज्यांना देऊ शकत नाही. तेव्हा अनुज्ञेची भाषा ही उदासीनता नसून घटनेची मर्यादा आहे. आक्षेप रास्त आहे. पण अपुरा आहे. स्वतःच्या तिजोरीविषयी काँग्रेसला आज्ञार्थ वापरता येतो. २०२१ च्या कायद्याने फिरत्या संकटसेवेच्या खर्चाचा ८५ टक्के भाग उचलण्याची तयारी संघशासनाने दाखविली, परंतु तीही ऐच्छिक आणि तीन वर्षांपुरती. समलिंगी व पारलिंगी तरुणांसाठी ९८८ वर जी स्वतंत्र सोय झाली होती, तिची गतही बोलकी आहे. मूळ कायद्याने त्यांच्याविषयी आज्ञा केली होती ती अहवाल सादर करण्याची. सेवा चालली ती वार्षिक अनुदानावर, आणि १७ जुलै २०२५ रोजी ती बंद करण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, अनेक शहरांनी आदर्श मानलेली यूजीन शहरातील निःशस्त्र गाडीही पैशांअभावी थांबली.

१९६३ आणि २०२० या दोन कायद्यांत सत्तावन्न वर्षांचे अंतर आहे; रचना मात्र एकच आहे. पहिल्याने इमारतीची खात्री दिली आणि माणसांची आशा व्यक्त केली; दुसऱ्याने क्रमांकाची खात्री दिली आणि माणसांपुरती मुभा दिली. वाराह यांच्या चर्चमध्ये हा क्रम नेमका उलट होता : तेथे ऐकणारी माणसे आधी आली आणि कायदा मागाहून बदलला. ९८८ फिरविणाऱ्याला क्रमांक लागण्याची हमी आज कायद्याने आहे. पलीकडून उत्तर देणारा त्याच्या भागातील असेल काय, आणि गरज पडल्यास त्याच्या दारी कोण येईल, हे मात्र तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून आहे.