आपल्यापुरते केलेले अवजार

हिंजवडीत किंवा पवईत आज सकाळी कामाला बसलेला प्रोग्रामर दिवसभरात जी साधने हाताळतो, त्यांची वये नवलाईच्या या धंद्याला मुळीच शोभत नाहीत. फायलींमधला मजकूर शोधून देणारे ग्रेप १९७३ सालचे आहे. बदललेल्या फायली ओळखून प्रोग्राम पुन्हा बांधणारे मेक आणि लिखाणासाठीचा व्हीआय हा एडिटर दोन्ही १९७६चे. त्या मानाने पोरसवदा म्हणावे असे, प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिटसुद्धा २००५ सालचे, म्हणजे विशी ओलांडलेले. पहिली तीन ज्या यंत्रांवर जन्मली ती यंत्रे कधीच भंगारात किंवा संग्रहालयात गेली. साधने मात्र कामावर आहेत. यांतल्या एकासाठीही निविदा निघाली नव्हती, बाजाराची पाहणी झाली नव्हती. कोणाची तरी रोजची नड होती आणि त्याने ती आपल्यापुरती भागवली. हा योगायोग नाही, असे माझे म्हणणे आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात घरगुती साधन ही फावल्या वेळची हौस नव्हे. या धंद्याची साधने घडण्याची ती मुख्य रीत आहे. आणि ती चालते याचे कारण, साधन करणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा माणूस तिथे एकच असतो.

ही रीत संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक हा संगणक चालू झाला आणि काही आठवड्यांतच त्याचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना कळून चुकले, की आपल्या उरलेल्या आयुष्यातला मोठा भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्यावर तिथल्या मंडळींनी काढलेला उपाय साधा होता. एकदा बरोबर ठरलेला हिशेबाचा तुकडा पुन्हा लिहायचा नाही. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे असे तुकडे कागदी फितीवर पंच करून पोलादी कपाटात ठेवलेले असत. ज्याला हवा त्याने तो काढून त्याची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली या पद्धतीवर पुस्तकच लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी तुकडे उतरवून घेण्याचे कामही यंत्राकडे सोपवले, कारण माणूस नक्कल करताना हमखास चुकतो हे त्या रोज पाहत होत्या. त्यांच्या ए-० या प्रोग्रामपासून कंपायलरचा, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाचा, इतिहास मोजला जातो. इथे या धंद्याचे एक वैशिष्ट्य लक्षात येते. लोहार ज्या लोखंडाचा फाळ घडवतो त्याच लोखंडाची सांडशीही घडवतो, तसेच प्रोग्रामरचा माल आणि त्याची अवजारे एकाच धातूची असतात. अवजार नसेल तर बाजारात जाण्याआधी ते करून पाहणे त्याला सोपे पडते.

या रीतीला बहर आला तो न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्याबरोबर चाललेल्या मल्टिक्स या अवाढव्य प्रकल्पातून बेल लॅब्ज १९६९ साली बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्पसन यांच्याकडे काम करण्याजोगी सोयीची व्यवस्था उरली नाही. त्यांनी फारसे कोणी वापरत नसलेले पीडीपी-७ हे यंत्र धरले आणि त्याच उन्हाळ्यात, पत्नी आणि तान्हे मूल नातेवाइकांकडे गेले असताना, सुमारे तीन आठवड्यांत युनिक्स या कार्यप्रणालीचा पहिला सांगाडा उभा केला. ग्रेपची गोष्टही याच वळणाची आहे. मोठ्या फायलीत शब्दांचे नमुने शोधता यावेत म्हणून एडिटरमधली शोधाची सोय वेगळी काढून द्या, असे विभागप्रमुख डग मॅक्इलरॉय यांनी थॉम्पसन यांना सुचवले. दुसऱ्या दिवशी साधन हजर. एका रात्रीत चमत्कार झाला असे वाटावे. पण थॉम्पसन यांनी नंतर सांगितले, की ते त्यांच्या खासगी संग्रहात आधीपासून होतेच. त्यांनी फक्त तासभर बसून त्यातल्या चुका काढल्या. म्हणजे मागणी येण्याआधी साधन तयार होते आणि रोजच्या वापराने घासूनपुसून लख्खही झाले होते. मागणी आल्यावर झाले ते एवढेच, की ते घरातून चावडीवर आले.

मेकचा जन्म तर एका वाया गेलेल्या सकाळीतून झाला. प्रोग्राम अनेक फायलींत विभागलेला असतो. एका फायलीत बदल केला की ती पुन्हा कंपाइल करावी लागते, नाहीतर यंत्र जुनाच तुकडा जोडून मोकळे होते. बेल लॅब्जमधले स्टीव्ह जॉन्सन एकदा अशाच प्रोग्राममधली चूक शोधत बसले. चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. चरफडत ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. फेल्डमन यांनी आदल्याच संध्याकाळी हाच मनस्ताप भोगला होता. त्यांनी आधी फायलींचे परस्परसंबंध आपोआप ओळखणारे मोठे साधन मनात योजले, मग ते आटवत आटवत अगदी साधे केले आणि त्याच शनिवार-रविवारी लिहून काढले. त्यात एक खोड राहिली. मेकच्या फायलीत प्रत्येक आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. तिथे मोकळ्या जागा टाकल्या तर काम अडते, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नवशिका आजही इथे ठेचकाळतो. फेल्डमन यांना हे लवकरच उमगले होते. पण काही आठवड्यांत मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांतले बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या चालू फायली मोडायला फेल्डमन यांचे मन धजेना. डझनभर मित्रांची ती भीड जगभरचे प्रोग्रामर पन्नास वर्षे सांभाळत आहेत. फेल्डमन यांना मेकसाठी २००३ साली एसीएम या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. टॅब तसाच आहे.

घरगुती साधनावर त्याच्या कर्त्याच्या टेबलाची छाप किती खोल उमटते, हे व्हीआयवरून कळते. बर्कलीला शिकणारे बिल जॉय हे लिअर सिग्लर कंपनीचे एडीएम-३ए हे टर्मिनल वापरत होते. त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. आज टॅब असते त्या जागी, डाव्या करंगळीशी, एस्केपची कळ होती. घरून काम करायचे तर मॉडेमचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस अक्षरे. अख्खा पडदा पुन्हा रंगवायला मिनिटभर लागणार असेल तर एकेका अक्षराची आज्ञा हीच शहाणपणाची. जॉय यांनी नेमके तेच केले. ते टर्मिनल गेले, मॉडेम गेले, एस्केपची कळ उचलून कोपऱ्यात बसवली गेली. तरी एचजेकेएलवर बोटे फिरवणारे लोक आजही आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांनी एडीएम-३ए चित्रातही पाहिलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो घेणारा माणूस जाणता आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मन्थ’मध्ये लिहिले, की जुन्या मिस्त्र्यांप्रमाणे प्रोग्रामरही आपापली साधने कुलपात जपतात आणि हे मोठ्या प्रकल्पाला परवडणारे नाही, साधने सामाईक हवीत. म्हणणे रास्त आहे. दहा जणांनी एकच काम करणारी दहा साधने केली तर नऊ जणांचे श्रम फुकट गेले. पण ब्रूक्स यांचाच दुसरा सल्ला असा, की मध्यवर्ती सोयी कितीही असल्या तरी प्रत्येक लहान तुकडीत स्वतःचा साधने करणारा माणूस असावा, कारण त्या तुकडीची नड त्यालाच ठाऊक असते. तेव्हा त्यांचा राग घरगुतीपणावर नसून कुलपावर आहे. बेल लॅब्जने कुलूप काढायची युक्ती शोधली होती. सारे एकाच यंत्रावर काम करत, त्यामुळे एकाचे साधन दुसऱ्याच्या हाताशी असे. १९७१च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेला वेगळे पान होते. त्यावर तिच्या मालकाचे नाव आणि तिच्यातल्या ज्ञात चुकांचा रकाना असे. आपल्या साधनाचे वैगुण्य आपल्याच सहीने लिहायची ही चाल कोणत्याही नियमावलीपेक्षा कडक होती. १९७३ साली, मॅक्इलरॉय यांनी अनेक वर्षे लावून धरलेल्या कल्पनेवरून, थॉम्पसन यांनी पाइपची सोय केली आणि एका साधनाचे फलित थेट दुसऱ्यात घालता येऊ लागले. तेव्हापासून एकाने आपल्यापुरते केलेले साधन दुसऱ्याच्या साधनाला जोडूनच वाढू लागले.

दुसरा आक्षेप पैशाचा. हे सारे श्रीमंतांचे चोचले होते, बेल लॅब्जच्या मागे एटी अँड टीची टेलिफोनची मक्तेदारी होती, म्हणून संशोधकांना मन मानेल ते करता आले, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. १९५६च्या न्यायालयीन तडजोडीने एटी अँड टीला टेलिफोनव्यतिरिक्त अन्य धंद्यांत उतरायची मनाई होती, म्हणून युनिक्सचा माल करून विकण्याची घाई नव्हती आणि विद्यापीठांना ते नाममात्र दरात मिळाले. पण पैसा हे पुरेसे कारण नव्हे. पैसा मल्टिक्सपाशीही होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्यापाशी तर तो सर्वांहून अधिक. त्या खात्याने १९८० साली ‘स्टोनमन’ नावाच्या दस्तऐवजात एडा भाषेच्या प्रोग्रामरला कोणकोणती साधने लागतील याचा आराखडा मांडला. भाषा टिकली, विमानांत आणि रेल्वेत आजही वापरात आहे. आराखड्यातली साधनव्यवस्था मात्र इतर प्रोग्रामरांच्या ऐकिवातही नाही. मक्तेदारीने बेल लॅब्जच्या लोकांना दिलेली खरी देणगी वेळेची होती. शनिवार-रविवारचा उद्योग सोमवारी सहकाऱ्यांसमोर ठेवला तर ‘हे कोणी सांगितले होते’ असे तिथे कोणी विचारत नसे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. टिकलेली चार साधने दाखवून रीतीची थोरवी गाणे सोपे. मेलेल्या हजारांचे काय? शिवाय विकत मिळणाऱ्या साधनांनीही पिढ्या घडवल्या आहेत. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टर्बो सीचा निळा पडदा बाजारातून ते उठल्यावरही कितीतरी वर्षे दिसत राहिला, आणि ते बोरलँड कंपनीचे विक्रीचे उत्पादन होते. याला माझे उत्तर असे. घरगुती साधने बहुसंख्येने मरतात हे मान्य, पण ती स्वस्तात मरतात. दोन दिवसांचे काम फसले तर दोनच दिवस जातात. आणि बोरलँडचा बोलबाला ज्या टर्बो पास्कलने केला, ते १९८३चे साधन अँडर्स हेल्सबर्ग या तरुण प्रोग्रामरच्या कंपायलरवर उभे होते; लिहिणे, कंपाइल करणे आणि चुकीच्या ओळीवर परत येणे यांतला खोळंबा त्याने संपवला. किंमत ४९.९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या बाजारात अगदीच कमी. विक्री नंतर आली. खोळंब्याची चीड कर्त्याची स्वतःची होती. तेव्हा आक्षेपाने माझे विधान थोडे आवरावे लागते, मोडावे लागत नाही. साधन विकले गेले की बिघडते असे नाही. कर्ता ते वापरणे सोडतो तेव्हा ते बिघडू लागते.

बेल लॅब्जबाहेरचे दोन दाखले हेच सांगतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. नव्या यंत्राची ती छपाई त्यांना पाहवेना. वर्षभरात आटपेल म्हणून त्यांनी अक्षरजुळणीसाठी टेक्स लिहायला घेतले आणि त्यात सुमारे दहा वर्षे गेली. एका लेखकाच्या एका ग्रंथासाठी केलेल्या त्या साधनावर १९९१ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठासाठी फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीची सोय केली आणि युनिकोड घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी देवनागरी मजकूर संगणकावरून नेटका छापता येऊ लागला. दुसरा दाखला गिटचा. लिनक्सचे काम ज्या बिटकीपर या खासगी साधनावर चालत होते, त्याचा फुकट वापर एप्रिल २००५ मध्ये बंद झाला. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवॉल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःचे साधन लिहायला घेतले आणि ७ एप्रिलला गिटचा मजकूर गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. कर्ता पहिला गिऱ्हाईक असण्याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

आपल्याकडे या विचाराची जाण नव्हती असे नाही. टाटा समूहाने १९८१ साली फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र काढले आणि सॉफ्टवेअर करण्याची साधने हा तिथल्या अभ्यासाचा एक मुख्य विषय राहिला. पण आपला सेवाउद्योग वाढला तो माणशी तासांच्या हिशेबावर, आणि त्या हिशेबात स्वतःचे अवजार करण्याच्या तासाला रकाना नाही. तीन दिवसांचे काम तीन मिनिटांत करणारा प्रोग्राम लिहिला तर गिऱ्हाइकाला लावायचे तासच कमी होतात. मग तो लिहायचा कोणी आणि कशासाठी? जगाच्या सॉफ्टवेअरचा एवढा भार वाहूनही जगाच्या रोजच्या साधनांत आपली भर थोडी पडली, याचे एक मोठे कारण मला इथे दिसते. बुद्धी कमी पडली असे नाही. तास मोकळा मिळाला नाही. तेव्हा संघ चालवणाऱ्यांनी आठवड्यातली एक दुपार बिलाबाहेर ठेवावी, त्या दुपारी झालेले साधन कर्त्याच्या नावानिशी आणि त्यातल्या चुकांच्या यादीसह सर्वांना खुले करावे, आणि त्याचा नफा पहिल्या वर्षी मोजू नये.