अश्वनेत्ररोग, नालबंदांची रीत आणि मानवी नेत्रशस्त्रक्रिया

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील शेती, प्रवासी वाहतूक आणि घोडदळ ही तिन्ही घोड्यावर अवलंबून होती. लंडन येथे १७९१ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले असले, तरी खेडोपाडी घोड्यांचा वैद्य म्हणजे नालबंदच होता.

वारंवार दाह होऊन अखेरीस दृष्टी नष्ट करणारा घोड्याचा नेत्रविकार त्यापूर्वी अनेक शतके परिचित होता. उत्तर-रोमन काळातील लेखक व्हेजेशियस याने आपल्या पशुवैद्यकीय ग्रंथात त्याचा उल्लेख केला आहे. चंद्राच्या कलांशी संबंध जोडल्यामुळे त्यास ‘चंद्रांधता’ म्हटले गेले. डोळा मिटून धरणे, पाणी गळणे, उजेड सहन न होणे, बुबुळ गढूळ दिसणे ही त्याची लक्षणे. परंतु काटा वा चाबूक लागून झालेल्या जखमेतही हीच लक्षणे दिसतात. हेल्महोल्ट्झचे नेत्रदर्शक उपकरण १८५१ मध्ये आले. तोपर्यंत डोळ्याच्या आतील भाग पाहून हा भेद ठरविण्याचे साधनच नव्हते.

स्कॉटिश शल्यविशारद जेम्स वॉर्ड्रॉप याने १८१९ मध्ये घोड्याच्या नेत्ररोगांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नालबंदांच्या एका क्रूर रिवाजाची नोंद आहे. एक डोळा रोगग्रस्त झाला की पापण्यांत चुना घालून किंवा खिळा खुपसून ते तो नष्ट करीत, आणि त्यायोगे दुसरा वाचतो असे मानीत. वॉर्ड्रॉपने या प्रथेची थट्टा केली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. माणसाच्या बाबतीतही हे तत्त्व विचारार्ह असल्याचे त्याने सुचविले.

माणसांत एका डोळ्याच्या भेदक जखमेनंतर दुसऱ्या, निरोगी डोळ्यालाही दाह होतो, हे वैद्यांच्या पाहण्यात होते. लुई ब्रेल याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. घोड्यांचे साज बनविणाऱ्या वडिलांच्या कार्यशाळेत, १८१२ च्या सुमारास, आरीने त्याचा एक डोळा जखमी झाला आणि पुढे दोन्ही गेले. ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी याने या विकाराचे अभिजात वर्णन केले. ब्रिस्टलच्या ऑगस्टिन प्रिचर्ड याने १८५१ च्या सुमारास जखमी डोळा काढून दुसरा वाचविण्याची शस्त्रक्रिया केली.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. नालबंदांचे अनुमान बहुधा चुकीचे होते. चंद्रांधता ही जखमेतून दुसऱ्या डोळ्यात जाणारी व्याधी नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचा संबंध लेप्टोस्पायरा जिवाणूंशी आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या प्रतिक्रियेशी जोडला गेला आहे. अनेक घोड्यांत ती एकाच डोळ्यापुरती राहते. ‘वाचलेल्या’ डोळ्यांपैकी कित्येक मुळात धोक्यातच नसावेत. माणसात मात्र फुटलेल्या डोळ्यातील ऊती प्रतिकारयंत्रणेस दुसऱ्या डोळ्याविरुद्ध चेतवितात. तेथे तोच उपाय वेळेवर केल्यास उपयोगी ठरला.

आज पशुवैद्य फ्लुओरेसीन रंगाचा थेंब टाकून प्रथम बुबुळावरील जखम तपासतो. कारण जखम असताना स्टेरॉइडचे थेंब घातल्यास ती चिघळते. चंद्रांधतेने पूर्ण गेलेला, वेदना देणारा डोळा अजूनही काढला जातो. हेतू मात्र दुसरा डोळा वाचविण्याचा नसून वेदनाशमनाचा असतो.