चाळिशीनंतरचा नेम : शिकारी रायफलीवरील लाल ठिपका

नळीच्या टोकावरील माशी, डोळ्याजवळची खाच आणि दूर उभे असलेले जनावर या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणणे म्हणजे नेम धरणे, अशी रायफलीची जुनी रीत होती. या तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर असल्याने डोळ्याला एका वेळी त्यांपैकी एकच स्पष्ट दिसते. मात्र तरुण डोळ्यातील भिंग लवचिक असल्यामुळे नजर त्यांच्यावरून इतक्या झपाट्याने फिरते की शिकाऱ्याला ही अडचण जाणवतही नाही. चाळिशीपुढे हे भिंग ताठर होत जाते, प्रथम खाच आणि मग माशीही धूसर होते, आणि जवळचा चष्मा लावून माशी नीट दिसू लागली तर जनावरच पुसट होते.

यावरचा जुना उपाय म्हणजे खाचेऐवजी बारीक भोक असलेली चकती. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये अशा नेमछिद्राचे पेटंट घेतले. बारीक छिद्रातून पाहिल्यास जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसते, पण छिद्र जितके लहान तितका प्रकाश कमी, आणि शिकार तर बहुधा झुंजूमुंजू किंवा दिवेलागणीलाच होते. दुर्बिणीने जनावर आणि नेमाची फुली एकाच पातळीत दिसू लागली. मात्र तिचे दृष्टिक्षेत्र अरुंद असल्याने झाडीतून पळणारे जनावर तिच्यात सापडणे कठीण.

तिसऱ्या उपायाचे, म्हणजे लाल ठिपक्याचे, तत्त्व डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये पेटंट केले. प्रकाशमान खूण भिंगाच्या किंवा अंतर्गोल आरशाच्या नाभीवर, म्हणजे समांतर किरण जेथे एकवटतात त्या बिंदूवर ठेवली, तर तिचे किरण समांतर होऊन बाहेर पडतात आणि ती खूण अनंत अंतरावर असल्यासारखी भासते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर या तत्त्वाची साधने बसली आणि दुसऱ्या महायुद्धात ती सर्रास झाली. विमानात दिव्याचे आणि विजेचे ओझे खपून जाई. खांद्यावरच्या रायफलीला ते पेलणारे नव्हते. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी लाल प्रकाश देणारा डायोड बनवला, आणि ग्रब यांच्या कल्पनेला हवा असलेला चिमुकला, काटकसरी दिवा अखेर मिळाला.

त्याचा उपयोग शिकारी रायफलीसाठी करून दाखवला तो स्वीडनने. तेथे मूस या थोराड हरणाची शिकार हा शरद ऋतूतील गावोगावचा सामाजिक रिवाज आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी एका हंगामात दीड लाखांहून अधिक मूस मारले जात. कुत्र्यांनी उठवलेला मूस झाडीतल्या मोकळ्या पट्टीतून काही क्षणांत पार होतो, आणि म्हणून तेथील शिकारी ८० मीटरवरील सरकत्या मूसाकृती लक्ष्यावर सराव करतात. याच गरजेपोटी जॉन एकस्ट्रँड यांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये आपले पहिले इलेक्ट्रॉनिक नेमयंत्र बाजारात आणले. अमेरिकन लष्कराने याच कंपनीचे यंत्र १९९७ मध्ये प्रमाणित साधन म्हणून स्वीकारले. तेव्हा लाल ठिपका ही लष्कराची देणगी असल्याचा समज उलटा आहे.

मूळ हेतू घाईच्या नेमाचा होता, वयस्कर डोळ्यांचा नव्हे. तरी ज्येष्ठ शिकाऱ्यांची सोय आपसूक झाली. दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर जनावरावरच खिळवायची आणि ठिपका तेथे आणायचा, एवढेच काम उरले, कारण जवळचे काही स्पष्ट पाहण्याची गरजच संपली. अर्थात ठिपका काहीही मोठे करून दाखवत नाही, त्यामुळे लांबचे अंधूक दिसणाऱ्याला दूरचा चष्मा लावावाच लागतो. ज्यांच्या डोळ्याच्या पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते, त्यांना तर हा ठिपका चांदणीसारखा फाटलेला किंवा शेपूट फुटलेला दिसतो. योग्य चष्म्यानेही हा दोष गेला नाही, तर अशा डोळ्यांसाठी, निदान भरपूर उजेडात, लायमन यांचे नेमछिद्रच अधिक भरवशाचे ठरते.