मुलांना देवराई दाखविताना

पावसाळा सरला की शाळांमधून सहलींचे बेत सुरू होतात. किल्ला, धरण, समुद्रकिनारा, अलीकडे जलक्रीडा उद्यान अशी ठिकाणांची यादी ठरलेली असते. देवराईचे नाव तीत क्वचितच आढळते. वास्तविक पुणे, सातारा, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत गावोगावी देवाच्या नावाने राखलेली रानाची तुकडी आजही उभी आहेत. कोकणात त्यांना देवरहाटी म्हणतात. कोठे वाघजाई, कोठे काळकाई, तर कोठे भैरवनाथ हे त्या रानाचे धनी. या रानातून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा सर्वसाधारण नियम. पहिली ते चौथीच्या मुलांना निसर्गातील एखादे ठिकाण ‘विशेष’ का असते हे सांगण्यासाठी याहून सोपा धडा सापडणे कठीण.

देवराईत शिरणे हाच मुलांसाठी मोठा अनुभव असतो. बाहेर उघडा माळ किंवा भातखाचरे, आणि चार पावले आत जाताच काळोखी व गारवा. मुलांना माहिती सांगण्याची घाई येथे करू नये. आधी सर्वांना उन्हात उभे करावे, मग सावलीत न्यावे आणि काय बदलले ते त्यांनाच विचारावे. मग पायाखालचा पाचोळा हळूच बाजूला करून खालची माती चाचपू द्यावी. वरची पाने कुरकुरीत आणि तळची माती ओलसर, हे बोटांना कळले की पाणी जमिनीत मुरते म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाहणे संपल्यावर पाचोळा पुन्हा पसरून ठेवायचा, हेही त्यांच्याकडूनच करवून घ्यावे.

गारंबीचा वेल हे देवराईतील मुलांचे खास आकर्षण. माणसाच्या मांडीएवढा जाड, पीळ पडलेला हा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला असतो आणि त्याच्या शेंगा हातभराहून लांब भरतात. वेलाला मिठी मारून पाहावी, शेंगेची लांबी आपल्या हाताशी ताडून पाहावी. झोका मात्र घेऊ नये. भीमाशंकर परिसरातील देवरायांत नशीब असेल तर शेकरू, निदान उंच फांदीवरचे त्याचे काटक्यांचे घरटे दिसते. झाडांची शास्त्रीय नावे सात वर्षांच्या मुलाला सांगून काही साधत नाही.

खरी कसोटी लागते ती गारंबीची तपकिरी, गुळगुळीत बी खाली पडलेली सापडते तेव्हा. ती खिशात टाकण्याचा मोह कोणत्याही मुलाला होणारच. त्या वेळी ‘देव कोपेल’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. उलट गावकऱ्यांची श्रद्धा म्हणजे अडाणीपणा, असे सांगणारे शिक्षकही असतात. दोन्ही टाळलेले बरे. हा नियम कोणी केला आणि तो पाळल्याने गावाला काय मिळाले, हे सांगावे. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. त्या काळातील एक प्रसंग गाडगीळ यांनी नोंदविला आहे. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची देवराई तोडली जाणार असे कळताच गावकऱ्यांनी ती वाचविण्यासाठी या अभ्यासकांना साकडे घातले. त्यांचे कारण साधे होते : गावाच्या पाण्याचा झरा त्या रानातून येत होता. मुलांना ही गोष्ट झऱ्याच्या काठी बसवून सांगितली, तर बी जागेवर ठेवायला फारसे समजवावे लागत नाही.

सहलीपूर्वी मोठ्यांनी काही चौकशी करणे आवश्यक आहे. गावातील जाणत्या माणसाची किंवा पुजाऱ्याची परवानगी घ्यावी. शक्य झाल्यास त्यांनाच सोबत घ्यावे. काही देवरायांत पादत्राणे चालत नाहीत, तर काही ठिकाणी स्त्रियांना प्रवेश नसतो. अर्ध्या वर्गाला कुंपणाशी थांबविण्याची वेळ येण्यापेक्षा दुसरी देवराई निवडणे शहाणपणाचे. बिब्ब्याच्या चिकाने कातडी भाजते आणि खाजकुहिलीच्या शेंगांची कुसे अंगाला लागल्यास मुले हैराण होतात, म्हणून या दोन वनस्पती सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाला ओळखता आल्या पाहिजेत. भर पावसात जळवा आणि निसरडी वाट यांचा त्रास असतो. दिवाळीनंतरचा काळ उत्तम. दोन बसगाड्या भरून मुले नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. पन्नास जणांच्या गलक्यात पक्षी दिसत नाहीत आणि कोवळी रोपे तुडवली जातात. दहा-बारा मुले आणि तीन मोठी माणसे पुरेत.

देवराया टिकून आहेत असे म्हणताना त्या आकसत आहेत हेही सांगावे लागते. मंदिराच्या जीर्णोद्धारात कौलारू देऊळ जाते, सिमेंटचा सभामंडप येतो आणि त्यासाठी भोवतालची जुनी झाडे पडतात. रस्ता येतो, त्यापाठोपाठ प्लास्टिकही येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील देवरायांविषयी निकाल देताना देशभरातील अशा रानांसाठी धोरण आखण्याची शिफारस केंद्र सरकारला केली. मुलांपासून ही बाजू लपवू नये. फरशी घातलेले आवार आणि शेजारचे रान यांत पाय ठेवून पाहिले की फरक त्यांना कळतो.

ही पद्धत महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघर) आदिवासी भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. शहरातील शाळेला एवढे करणे जमणार नाही, पण एकच जागा वर्षातून दोन-तीनदा दाखविणे जमू शकते. देवराई फारच दूर पडत असेल, तर मुंबईकरांना धारावीलगत कचराभूमीवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. दिवाळीनंतर पाहिलेले झाड मार्चमध्ये पुन्हा पाहताना मुले ते शोधून काढतात का, हे पाहण्यासारखे असते. त्यासाठी पहिल्या फेरीतच प्रत्येकाने आपले एक झाड ठरवून त्याच्या खोडाचा ठसा कागदावर उमटवून घ्यावा. त्याला मेणाचा खडू आणि पातळ कागद पुरतो.