बंदूक बाजूला ठेवून मोजलेले पक्षी

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात दगडी फलकांवर पक्ष्यांचे आकडे कोरलेले आहेत. ते आकडे मारलेल्या पक्ष्यांचे. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. आधी बार, मग मोजदाद, अशी ती रीत होती.

अमेरिकेतही नाताळला गट पाडून शिकारीची चढाओढ लागे. ज्या गटाचा ढीग मोठा, तो जिंकला. न्यूयॉर्कचे पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांना हे सलत होते. आपल्या ‘बर्ड-लोर’ मासिकातून त्यांनी सुचवले की, बाहेर जरूर पडा, चढाओढही करा, पण पक्षी जिवंतच मोजा. २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी २५ ठिकाणी तशी गणना केली. लोकांची हौस मोडून न काढता तिलाच कामाला लावण्यात चॅपमन यांचे मोठेपण आहे.

पुढे १९६७ साली आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना सुरू झाली आणि १९८७ साली तिची आशियाई शाखा भारतीय उपखंडात सुरू झाली. ही गणना जानेवारीत होते, कारण तोवर पाहुणे पक्षी पोहोचून स्थिरावलेले असतात. एकाच सुमारास सगळीकडे मोजले की तोच थवा दोन गावांच्या कागदावर चढत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरकरांसाठी अशी गणना होणारे पाणी लांब नाही. शेजारच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथल्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ दलदल तयार झाली आणि तिच्यावर नांदूरमध्यमेश्वर उभे राहिले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही त्याची ओळख आता जुनी झाली आहे.

चापडगाव, मांजरगाव, कोठुरे, खाणगाव थडी अशा ठिकाणांहून वनविभागाचे कर्मचारी, गाइड आणि स्वयंसेवक इथे पक्षी मोजतात. एक जण दुर्बिणीला, दुसरा वहीला. मोठा थवा एकेक करून मोजत बसत नाहीत. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात हे नजरेत बसवायचे आणि तेच माप थव्यावरून सरकवत न्यायचे. थापट्या बदके शांत चरत असली तर हे जमते. वारकरी पक्षी मात्र परीक्षा घेतात. अंगाने काळे, कपाळावर पांढरा टिळा, आणि मोजता मोजता पाण्यात बुडी! तेवढ्यात वरून भोवत्या हा शिकारी पक्षी फिरला की सगळा थवा उठतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. इथे चिकाटी लागते, आणि न दिसलेला पक्षी वहीत न लिहिण्याचा प्रामाणिकपणाही.

एका वर्षाच्या आकड्यावरून फारसे काही ठरत नाही. धरणातून पाणी सुटले, पातळी चढली की उथळ पाण्यात चरणारे पक्षी दुसरीकडे सरकतात. म्हणूनच त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा पुन्हा जाणारा माणूस या कामात सर्वांत मोलाचा.

पाणथळींच्या रक्षणासाठी झालेल्या १९७१ च्या रामसर कराराच्या निकषांत पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येणे किंवा एखाद्या पाणपक्षी प्रजातीच्या एका मोठ्या समूहापैकी एक टक्का पक्षी तिथे असणे, हेही धरले जाते. नांदूरमध्यमेश्वर हे रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले स्थळ. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झाले. मात्र तो एक टक्का काढायला आधी त्या समूहाची एकूण संख्या माहीत असावी लागते, आणि ती बेरीज अशाच हिवाळी गणनांच्या वह्यांतून होते. मांजरगावच्या काठावर टिपलेली थापट्यांची संख्या सैबेरियापर्यंत पसरलेल्या त्यांच्या साऱ्या गोतावळ्याच्या हिशेबात धरली जाते.